बंड
बंड : प्रस्थापित सत्तेची आज्ञा उघडपणे नाकारून तिच्याविरुद्ध सामूहिक रीत्या, बहुधा शस्त्रबळाने, केलेला प्रतिकार. हा प्रतिकार मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतो. तथापि जमीनदार, सावकार किंवा लष्करी अधिकारी यांच्याविरुद्ध झालेल्या उठावण्यांनाही हीच संज्ञा लावतात. बंड, उठाव, बंडाळी, पुंडावा, दंगा, फितूर, राजद्रोह, क्रांती इ. शब्द व्यवहारात पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. परंतु त्यांचा नैतिक व कायदेशीर भार सारखा नाही. एखाद्या घटनेस यांपैकी कोणते नाव मिळते, हे घटनेच्या स्वरूपावर जितके अवलंबून असते, तितकेच नाव देणाऱ्याच्या स्थानावरही असते. बंड हा शब्द मूलतः सत्तेच्या बाजूने पाहणारा आहे. गेल्या दीड-दोनशे वर्षांत मराठीत त्याच्या अर्थात झालेला पालट हा महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासाचाच एक भाग होय.

शब्द व अर्थच्छटा : बंड या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे लक्षणीय आहेत. बंड उभारतात, पुकारतात किंवा करतात. आणि दुसऱ्या बाजूने ते मोडतात, शमवितात किंवा चिरडतात. म्हणजे ज्याच्याविरुद्ध ते झाले, ती सत्ता या शब्दात कायम गृहीत धरलेली असते. बंडखोर या सामासिक शब्दातील ‘खोर’ हा प्रत्यय फार्सी असून त्याचा मूळ अर्थ खाणारा असा आहे. मराठीत तो बहुधा वाईट सवयीच्या शब्दांस जोडला जातो. लाचखोर, चुगलखोर, भांडखोर ही त्याची उदाहरणे होत. त्यामुळे बंडखोर या शब्दात बंड करणे हा त्या व्यक्तीचा प्रसंगोपात्त निर्णय नसून खोड आहे, अशी सूचना मुळातच आहे. पुंड व पुंडावा या शब्दांत बेगुमान दांडगाईचा, तर फितूर या अरबी-फार्सी वळणाच्या शब्दात आतून पोखरणाऱ्या कटाचा व विश्वासघाताचा अर्थ प्रधान आहे. दंगा या शब्दाने हेतू व संघटना या दोन्ही गोष्टी घटनेतून वगळल्या जातात. मागे राहतो तो केवळ गोंधळ.

उठाव हा शब्द याहून वेगळा आहे. उठणे या क्रियापदापासून तो सिद्ध झाला असल्याने त्याचा कर्ता लोकच असतात. क्रांती हा संस्कृत शब्द क्रम् म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे या धातूपासून आला आहे. ज्योतिषशास्त्रात तो सूर्यादिकांच्या गतीसंबंधी रूढ असून क्रांतिवृत्त या संज्ञेत तो अर्थ आजही टिकून आहे. यूरोपीय भाषांतील समानार्थी शब्दही खगोलांच्या परिभ्रमणावरूनच राजकारणात आला, हे साम्य उल्लेखनीय आहे. क्रांतीत जुन्या व्यवस्थेच्या जागी नवी व्यवस्था येणे अभिप्रेत असते. बंडात जुन्या व्यवस्थेला नकार असतो, नव्या व्यवस्थेची रूपरेषा असेलच असे नाही. मात्र हा भेदही पुष्कळदा परिणामावरून ठरतो. यशस्वी झालेल्या बंडास उत्तरकाल क्रांती म्हणतो आणि फसलेल्या क्रांतीची नोंद बंड म्हणून होते.

राजनीतिशास्त्रातील विचार : प्रजेच्या असंतोषाचा विचार भारतीय राजनीतीत प्राचीन काळापासून आढळतो. कौटिलीय अर्थशास्त्रात त्याची कारणपरंपराच सांगितली आहे. क्षय, लोभ आणि विराग या तिच्या तीन पायऱ्या. दारिद्र्याने क्षीण झालेली प्रजा लोभास बळी पडते, लोभातून ती विरक्त म्हणजे राजाविषयी विन्मुख होते आणि विन्मुख झालेली प्रजा शत्रूस मिळते किंवा स्वतःच राजाचा घात करते. म्हणून ही कारणे उत्पन्न होऊ न देणे आणि झाल्यास त्यांचे त्वरित निवारण करणे, हे राजाचे कर्तव्य ठरते. येथे बंडाचे मूळ प्रजेच्या स्वभावात न शोधता राज्यकारभारात शोधले आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक (१६३२–१७०४) याने हाच विचार शब्दार्थाच्या आधारे पुढे नेला. बंड या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा युद्ध सुरू करणे असा आहे. समाजाने युद्धावस्था संपविण्यासाठी शासन निर्माण केले असल्याने जो शासक बळाने कायदा मोडतो, तोच युद्धावस्था परत आणतो. म्हणून खरा बंडखोर तोच, असे लॉकचे प्रतिपादन होते.

बंडखोर आणि सार्वभौम राजा : एकच कृती बंड ठरावी की राज्यस्थापना, हा प्रश्न सतराव्या शतकात महाराष्ट्रात प्रत्यक्ष उभा राहिला. आदिलशाहीच्या दृष्टीने शिवाजी महाराज हे तिच्या एका सरदाराचे पुत्र होते आणि गडकोट ताब्यात घेणे ही अवज्ञा होती. मोगलांशी झालेल्या पुरंदरच्या तहात (१६६५) संभाजी राजांच्या नावे पाच हजारांची मनसब देण्यात आली, तीही अंकित सत्तेला साजेल अशीच व्यवस्था होती. स्वतःचे सैन्य, किल्ले, महसूल व न्यायव्यवस्था असूनही प्रचलित राजनीतीच्या परिभाषेत महाराजांचे स्थान अनिश्चित राहत होते. त्यांनी दिलेली इनामे व केलेले करार यांचे कायमपणही त्यावर अवलंबून होते. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाचे एक प्रयोजन ही अनिश्चितता संपविणे हे होते. छत्र, सिंहासन, स्वतंत्र शक व नाणी यांमुळे बंडखोर हा शब्द त्यांना लावणे निदान स्वराज्यापुरते निरर्थक ठरले. सत्तेच्या शब्दकोशास उत्तर द्यावयाचे तर सत्तेचीच चिन्हे धारण करावी लागतात, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

ब्रिटिश अंमलातील बंडे : १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यानंतरच्या साठ वर्षांत महाराष्ट्रात जी बंडे झाली, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी जुन्या हक्कांचा लोप होता. किल्ल्यांची व गावांची रखवाली, रानावरील ताबा, वंशपरंपरागत वतने व इनामे यांवर ज्यांची उपजीविका होती, त्यांना नव्या राज्यव्यवस्थेत स्थान उरले नाही. खानदेशातील भिल्लांनी १८१८ पासूनच प्रतिकार सुरू केला. केवळ लष्करी बळाने तो मोडेना, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभारण्यात आली. पुरंदरच्या परिसरात रामोशी समाजाकडे किल्ल्याची व गावांची राखण असे. त्या समाजातील उमाजी नाईक (१७९१–१८३२) यांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला. सरकारने त्यांना एकदा माफी देऊन चाकरीतही घेतले होते. परंतु संघर्ष पुन्हा उद्‌भवला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुणे येथे त्यांना फाशी देण्यात आले. ज्याला दरोडेखोर म्हणावयाचे त्याच्याशीच वाटाघाट करावी लागणे, यातच त्या नावाचा अपुरेपणा दिसून येतो.

१८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी किल्ल्यांचे दरवाजे बंद करून घेतले. नव्या महसूल व्यवस्थेमुळे त्यांच्या वंशपरंपरागत जमिनी व चाकरी धोक्यात आली होती. हा उठाव ‘गडकऱ्यांचे बंड’ म्हणून ओळखला जातो. सावंतवाडीतही त्याचे पडसाद उमटले. अहमदनगर, नासिक व ठाणे या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात महादेव कोळी समाजातील राघोजी भांगरे यांनी सावकार व सरकार या दोहोंविरुद्ध चालविलेला लढा १८४८ मध्ये ठाणे येथे त्यांच्या फाशीने संपला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या घटनांना सरकारी कागदपत्रांनी ‘दख्खनचे दंगे’ असे नाव दिले. वस्तुतः त्यांत माणसांच्या हत्येपेक्षा रोख्यांचा नाश करण्यावर भर होता. म्हणजे जमावाला आपले लक्ष्य नेमके ठाऊक होते. सरकारलाही ते उमगले. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. नाव दंग्याचे, पण उत्तर गाऱ्हाण्याला द्यावे लागले, असा हा विरोधाभास आहे.

त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके (१८४५–८३) यांनी रामोशी व इतर साथीदारांसह धामारी येथून आपल्या सशस्त्र मोहिमेस आरंभ केला. त्यांनी घातलेले छापे सरकारच्या दृष्टीने दरोडे होते. परंतु त्यांच्यावर सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या प्रयत्नाचाही आरोप ठेवण्यात आला. दोन्ही शब्द एकाच आरोपपत्रात आल्याने सत्तेलाही या कृत्याचे एकेरी नाव सापडले नव्हते, हे दिसते. जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांची रवानगी एडनला झाली व तेथेच १८८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

नाव व कायदा : घटनेचे नाव हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत पाच किंवा अधिक व्यक्तींच्या बेकायदेशीर जमावाने केलेली हिंसा दंगा ठरत असे आणि पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून केलेली जबरी चोरी दरोडा. सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे हा मात्र देहान्तशिक्षेस पात्र असा स्वतंत्र अपराध होता. १८७० मध्ये राजद्रोहाचे कलम त्यात घालण्यात आले. म्हणजे एकाच जमावाच्या एकाच कृतीस कोणता शब्द लावला जातो, यावर काही महिन्यांचा तुरुंगवास की फाशी हे ठरू शके. ही दंडसंहिता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने विस्थापित झाली आहे.

नावाचा परिणाम बंड करणाऱ्यांपुरताही मर्यादित राहत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांना जन्मतः गुन्हेगार मानले. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यासही लागू झाला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, तो देशभर रद्द करण्यात आला. परंतु शिक्का पुसला जाण्यास कायदा पुरेसा ठरत नाही. उमाजी नाईकांचा रामोशी समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे, ही त्या इतिहासाचीच खूण होय.

याउलट शब्दाच्या निवडीने सत्तेवरही मर्यादा घालता येते. भारतीय संविधानाच्या ३५२ व्या अनुच्छेदात आणीबाणीच्या घोषणेचे एक कारण म्हणून मुळात ‘अंतर्गत अशांतता’ असा मोघम शब्दप्रयोग होता आणि १९७५ ची आणीबाणी त्याच आधारावर घोषित झाली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्या जागी सशस्त्र बंडाचा निकष आणला. त्यामुळे निदर्शने, संप किंवा असंतोष यांना बंड मानून नागरिकांचे हक्क स्थगित करण्याचा मार्ग अरुंद झाला.

गोमंतकातील बंडे : पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यातही हाच प्रकार आढळतो. १७८७ मध्ये कांदोळी येथील पिंटो घराण्याच्या पुढाकाराने, मुख्यतः धर्मगुरूंनी व लष्करातील गोमंतकीयांनी आखलेला बेत उघडकीस आला. राज्यकर्त्यांनी त्याची नोंद कट म्हणून केली. मराठीत मात्र तो ‘पिंटोंचे बंड’ म्हणून ओळखला जातो. सत्तरी महालातील राण्यांनी वारंवार बंडे केली. दीपाजी राणे यांनी १८५२ मध्ये नाणूस येथील किल्ला घेऊन सुरू केलेला लढा तीन वर्षे चालला आणि तडजोडीने मिटला. १८९५ मध्ये मोझँबीकला जाण्यास नकार देणाऱ्या मराठा शिपायांना दादा राणे यांची साथ मिळाली. लष्करी आज्ञाभंग व प्रादेशिक उठाव हे दोन्ही प्रवाह येथे एकत्र आले.

१८५७ : नावाचा वाद : हिंदुस्थानातील कोणत्याही घटनेच्या नावाविषयी १८५७ इतका दीर्घ वाद झालेला नाही. घटना चालू असतानाच, त्या वर्षीच्या जुलैमध्ये, बेंजामिन डिझरेली याने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हे शिपायांचे बंड आहे की राष्ट्रीय उठाव, असा प्रश्न उपस्थित केला होता. सरकारी पक्षाने शिपायांचे बंड हे नाव स्वीकारले. कारण त्यायोगे घटना छावणीपुरती मर्यादित होई आणि सामान्य प्रजा राजनिष्ठ असल्याचे गृहीत धरता येई. हेच नाव पाठ्यपुस्तकांतून मराठीत रूढ झाले. वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी उत्तरेत या घटना प्रत्यक्ष पाहिल्या होत्या. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या माझा प्रवास या पुस्तकाच्या शीर्षकातही बंड हाच शब्द आहे. गोडसे यांचा ओढा झाशीच्या राणीकडे आहे. तरीही त्या पुस्तकावर सरकारी परिभाषेतील शब्द यावा, यावरून त्याची रूढी किती पक्की होती, ते कळते.

वि. दा. सावरकर यांनी या शब्दासच आव्हान दिले. १९०९ मध्ये इंग्रजीत निघालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी या घटनेस स्वातंत्र्यसमर म्हटले. प्रकाशनापूर्वीच ग्रंथावर बंदी घातली गेली. शताब्दीच्या वर्षी, १९५७ मध्ये, तीन नामवंत इतिहासकारांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. सुरेंद्रनाथ सेन यांनी शीर्षकात केवळ वर्षाचा आकडा घातला. रमेशचंद्र मजुमदार यांनी शिपायांचे बंड आणि उठाव असे दोन्ही शब्द वापरले. तर शशिभूषण चौधुरी यांनी नागरी प्रजेच्या बंडावर भर दिला. पुरावा बहुतांशी समान असूनही शीर्षके निराळी झाली. शिपाई, तालुकदार, शेतकरी आणि पदच्युत राजे यांची उद्दिष्टे एक नव्हती, हे त्याचे कारण होय.

लोकभाषांतील शब्द : सत्तेच्या शब्दांबरोबर लोकांनी आपल्या प्रतिकारास स्वतः दिलेली नावेही भारतात विपुल आहेत. १८५५ मध्ये सिदो व कान्हू यांच्या नेतृत्वाखाली संथाळांनी केलेल्या उठावास संथाळीत ‘हूल’ म्हणतात. बिरसा मुंडा यांच्या १८९९–१९०० मधील चळवळीचे नाव ‘उलगुलान’ म्हणजे महाकल्लोळ. बस्तरमधील १९१० चा उठाव ‘भूमकाल’ म्हणून प्रसिद्ध आहे. गढवालमध्ये ‘ढंडक’ ही रूढ प्रथाच होती. जुलमी अधिकाऱ्याविरुद्ध लोक शेतीची कामे टाकून राजाकडे दाद मागावयास जात. त्यात राजनिष्ठा व अवज्ञा एकत्र नांदत. सत्तेचा दूषणात्मक शब्द लोकांनीच उचलल्याची उदाहरणेही आहेत. आंध्रच्या डोंगराळ मुलखातील १८७९ चा व अल्लूरी सीताराम राजू यांच्या नेतृत्वाखालील १९२२–२४ चा उठाव यांना लावलेला ‘फितुरी’ हा शब्द मराठी फितूर या शब्दाचा सगोत्र आहे. गदर या अरबी शब्दाचा अर्थ विश्वासघात असा असून गद्दार हा शब्दही त्याच धातूचा. परंतु अमेरिकेतील भारतीय क्रांतिकारकांनी १९१३ मध्ये आपल्या वृत्तपत्राचे नाव अभिमानाने गदर असेच ठेवले.

इतिहासलेखनात या प्रश्नाकडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष लक्ष वेधले गेले. सामाजिक अन्यायातून निर्माण होणाऱ्या लुटारूचा अभ्यास ब्रिटिश इतिहासकार एरिक हॉब्सबॉम याने केला. रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शेतकऱ्यांच्या बंडांची सरकारी कागदपत्रे उलट्या बाजूने वाचण्याची पद्धती मांडली. बंड करणाऱ्यांनी स्वतःचे लेखन बहुधा मागे ठेवलेले नसते. म्हणून त्यांच्या हेतूंचा शोध त्यांना दोषी ठरविणाऱ्या शब्दांतूनच घ्यावा लागतो.

अर्थाचा पालट : विसाव्या शतकात मराठीतील बंड या शब्दाचा कलंक क्रमाने ओसरत गेला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नाविक केंद्रावर सुरू झालेला आज्ञाभंग लष्करी कायद्यानुसार बंड होता. त्यास प्रथम नाविकांचे बंड म्हणत, पुढे नाविकांचा उठाव हे नाव रूढ होत गेले. त्याच सुमारास ठाणे जिल्ह्यातील डहाणू, तलासरी या भागांत वारली आदिवासींनी वेठबिगार नाकारली. या लढ्याच्या एक नेत्या गोदावरी परुळेकर यांनी त्यावर लिहिलेल्या जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या पुस्तकाच्या नावात बंड, उठाव किंवा दंगा यांपैकी एकही शब्द नाही. वेठ करावयास नकार देणाऱ्या माणसाच्या दृष्टीने जे घडले, ते सत्तेचा भंग नसून स्वतःचे भान येणे होते. म्हणून वर्णनही त्याच्याच बाजूने झाले. साहित्य व समाजसुधारणा यांच्या संदर्भात बंडखोर हे विशेषण आता गौरवाने वापरले जाते. पक्षीय राजकारणात मात्र अधिकृत उमेदवाराविरुद्ध उभे राहणे अशा संकुचित अर्थाने बंडखोरी हा शब्द रूढ झाला आहे. २०२२ मध्ये राज्यातील एका सत्ताधारी पक्षात फूट पडली, तेव्हा त्याच घटनेस एका बाजूने उठाव व दुसऱ्या बाजूने गद्दारी म्हटले गेले. सत्तेचे केंद्र कोठे आहे याविषयी मतभेद असतो, तोवर बंडाच्या नावाविषयीही तो राहतो. म्हणून एखादी घटना बंड म्हणून नोंदलेली आढळते तेव्हा ते कोणाविरुद्ध झाले, कोणत्या हक्काच्या लोपामुळे झाले आणि ते नाव कोणी दिले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवाचून त्या नोंदीचा अर्थ पुरा होत नाही.